खराट्याआधीची सतरंजी

अमरावती-वर्धेकडच्या एखाद्या खेड्यात पहाटे भगव्या टोप्या घातलेली आठ-दहा माणसं नाली उपसताना दिसली, की नवखा माणूस हमखास विचारतो, "कोणती योजना सुरू आहे?" बहुतेक वेळा कोणतीच नसते. तुकडोजी महाराजांच्या वाटेनं चालणारं गावचं गुरुदेव सेवा मंडळ असतं. पगार नाही, भत्ता नाही, चहा झालाच तर कुणाच्या तरी घरचा.

गावानं मिळून काम करणं विदर्भाला नवं नव्हतं. भंडारा-गोंदियाकडचे मालगुजारी तलाव, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या, मालगुजारांच्या ताब्यातले तलाव, आता लोकांच्या तोंडी मामा (माजी मालगुजारी) तलाव, कोहळी समाजाच्या कसबातून उभे राहिले. पण मालगुजाराच्या शब्दाखातर उपसलेल्या गाळाला श्रमदान म्हणायला माझी जीभ धजत नाही. नाही म्हणायची सोय असेल, तरच ते दान. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि गाळ काढायचा कोणी, हेच ठरेना.

स्वखुशीचा खराटा गावोगावी नेला तो गाडगेबाबांनी. 1876 साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेला हा माणूस 1905 मध्ये घराबाहेर पडला. गावात शिरला की आधी झाडू, रात्री कीर्तन. कीर्तनात प्रश्नांची सरबत्ती, तीही वऱ्हाडीत. झाडताना पाहणाऱ्याला लाज वाटायची, तोही हात लावायचा. अडचण एकच: बाबा पुढच्या गावाला गेले की मागे घडी बसवणारं कोणी उरेलच असं नव्हतं.

ती घडी बसवली तुकडोजी महाराजांनी. यावलीचा जन्म, 1909 चा. 1935 मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला आणि तिथून सेवा मंडळाच्या शाखा खेड्यापाड्यांत पसरल्या. खंजिरीवरची त्यांची भजनं माणसं जमवायची. 16 ऑगस्ट 1942 ला 'चले जाव' चळवळीत चिमूर पेटलं, त्यामागे या भजनांचीही धग होती. महाराजांना अटक झाली, नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत ठेवलं गेलं. 1955 च्या 'ग्रामगीते'त तर 41 अध्याय, आणि त्यांत गावाची स्वच्छता, आरोग्य, रक्षण, तंटे असे विषय. पोथी म्हणून उघडावी आणि शौचखड्ड्याची गोष्ट निघावी, असा प्रकार.

तरी माझ्या मते त्यांचं मोठं काम म्हणजे सामुदायिक प्रार्थना. दिवेलागणीला मंदिरापुढे किंवा शाळेच्या ओट्यावर सतरंजी पडते, जातधर्म न बघता माणसं रांगेत बसतात. आमच्या गावी प्रार्थना संपली की कोणी लगेच उठत नसे. "हातपंपाजवळ पाणी साचून ऱ्हायलं", "अमक्याच्या घरी बाप वारला, वावर पेरायचं बाकी हाय", अशी बोलणी तिथंच निघत आणि माणसंही तिथंच ठरत. दहा मिनिटांत. ठराव नाही, सही नाही. पण चार माणसांसमोर हो म्हटल्यावर सकाळी न येणं जड जायचं.

2000-01 मध्ये सरकारनं संत गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान काढलं. ग्रामविकास मंत्री होते आर. आर. पाटील. तालुक्यापासून राज्यापर्यंत बक्षिसं. गावं खरंच उजळली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण आमच्याकडे समिती यायच्या आदल्या रात्री गेरू-चुना झाला, उकिरडे ताडपत्रीखाली गेले, आणि बक्षीस हुकल्यावर महिनाभरात ताडपत्री उडाली. पुढे 2007 ला गावातले तंटे गावातच मिटवायची सरकारी तंटामुक्ती मोहीम आली. त्या समितीवर कोण असावं यावरूनच आमच्या गावात तंटा झाला!

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं वेगळी वाट धरली. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकारानं तिथं अभ्यासगट चालले. त्यांत नुसती चर्चा व्हायची. निर्णय ग्रामसभेत आणि तोही सर्वसहमतीनं. एकाचाही विरोध असला की विषय पुढच्या बैठकीला. वेळखाऊ, कंटाळवाणं, पण 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 पासून बांबूचा व्यवहार ग्रामसभेच्या हाती आला.

2016 ला पानी फाउंडेशनची वॉटर कप, म्हणजे श्रमदानातून पाणी अडवण्याची गावागावांतली स्पर्धा, पहिल्यांदा झाली ती तीन तालुक्यांत, त्यांतला एक अमरावती जिल्ह्यातला वरूड. संत्र्यांच्या बागांपायी बोअर खोल खोल गेलेला हा भाग. उन्हाळ्यात टिकास-घमेली घेऊन शेकडो माणसं चर खोदायला उतरली, लग्नाच्या वऱ्हाडानंही पाट्या उचलल्या. चर खोदणं सोपं, दरवर्षी त्यातला गाळ काढणं अवघड, कारण तेव्हा कॅमेरा नसतो.

आमच्या मंडळात आता सातच जण उरलेत, सगळे साठीपलीकडचे. पोरं शेगावच्या पायी वारीला येतात, प्रार्थनेला नाही. त्या वेळी मोबाइलवर मॅच असते. गेल्या पोळ्यानंतर तंट्याच्या भीतीनं कोणी न उचललेला नालीचा विषय सतरंजीवर निघाला. सगळं ऐकून घेतल्यावर अध्यक्षकाकांनी सतरंजी झटकली आणि म्हणाले, "सकायी टाकीजोळ या. खराटे दोनच हायत, तिसरा कोनी घरून आना."