धीर कोणता आणि ढिलाई कोणती

भायखळ्याच्या प्रार्थनासभेतून बाहेर पडताना “प्रभू मला हळूहळू घडवतो आहे” हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहे आणि स्वतःही पुष्कळदा उच्चारले आहे. वाक्य खोटे नाही. मात्र त्याच्या आडोशाला धीरही राहतो आणि ढिलाईही, आणि बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात.

बायबलमधील लूककृत शुभवर्तमानाच्या 13व्या अध्यायात अंजिराच्या झाडाचा दाखला आहे. मळ्याचा मालक 3 वर्षे फळ शोधून थकतो आणि झाड तोडायला सांगतो. माळी मात्र आणखी 1 वर्षाची मुदत मागतो आणि त्याच दमात सांगतो की, तोवर मी झाडाभोवती खणीन आणि खत घालीन. मुदत मागणारा आणि खणणारा माणूस येथे एकच आहे. ढिलाईलाही मुदत हवीच असते, फक्त कुदळ कोणी दुसऱ्याने धरावी अशी तिची अपेक्षा असते. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या 12व्या अध्यायात तर आपल्यापुढची धाव धीराने धावावी असे म्हटले आहे. म्हणजे धीर हा शब्द तेथे बसण्याला नव्हे, धावण्याला जोडलेला आहे.

ढिलाई ओळखणे अवघड होते ते ती नम्रतेची भाषा बोलते म्हणून. “मी पापी माणूस, माझ्याच्याने काय होणार?” हे ऐकायला लीन वाटते, पण त्यातून पुढे काही करायचे शिल्लक राहत नाही. येशूचा संदेश सांगत फिरणारा प्रेषित पौल करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 15व्या अध्यायात स्वतःला सर्व प्रेषितांमध्ये कनिष्ठ म्हणवतो, त्या नावाला आपण पात्र नाही असेही सांगतो, आणि लगेच पुढच्या वचनात, त्या सर्वांपेक्षा आपण अधिक श्रम केले, तेही आपण नव्हे तर देवाच्या कृपेने, असे लिहितो. त्याला दोन्ही विधाने एकत्र करता आली, कारण श्रमाचे श्रेय त्याने स्वतःकडे ठेवले नव्हते.

माझ्यापुरते सांगायचे तर, कल्याण लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथ्या सीटसाठी कोणी “जरा सरका” म्हटले की माझा पारा चढतो. प्रभूची वेळ आली की राग जाईल, असे मी ईस्टरपूर्वीचे दोन उपवासकाळ म्हणत राहिलो आणि त्यालाच धीर समजत होतो. तिसऱ्या उपवासकाळात, रात्रीच्या प्रार्थनेत “माझ्या रागाची क्षमा कर” असे मोघम न म्हणता, त्या दिवशी कोणावर आणि कोणत्या स्टेशनाजवळ चिडलो ते नेमके सांगायला लागलो, आणि हे सांगणे रागावण्यापेक्षा पुष्कळ अवघड निघाले. चिडणे अजून थांबलेले नाही; कुर्ल्याला चिडलो तर घाटकोपर येईपर्यंत सरकून जागा देतो, इतपत मजल गेली आहे.