ऑइल प्रेशर उतरणे व इंजिनाची टिकटिक : जुन्या ट्रकांतील निदान

जुन्या डिझेल ट्रकच्या इंजिनात ऑइलचा दाब नेहमीपेक्षा खाली जाणे आणि चालू इंजिनातून टिकटिक असा लयीत आवाज येणे, ही दोन लक्षणे पुष्कळदा एकाच वेळी समोर येतात. कारण मात्र दर वेळी एकच असते असे नाही. नुसते टॅपेट (झडपा उघडणारे भाग) वाजत असताना क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा मुख्य दांडा) उघडला जातो, किंवा बेरिंग संपलेले असताना टॅपेट आवळून गाडी पुन्हा लाइनवर सोडली जाते. दोन्हीत मालकाचे नुकसान होते, आणि दुसऱ्या चुकीत ते लाखाच्या घरात जाऊ शकते.

कोकणपट्टीत चिरा, आंबा, मासळी आणि बांधकामाचा माल वाहणाऱ्या गाड्यांत जुने टाटा आणि लेलँड अजून रोजच्या कामावर आहेत. टाटांनी १९५४ मध्ये डायमलर-बेंझशी करार करून ट्रक बांधायला घेतले. पुढे १९९३ मध्ये टाटा-कमिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि सहा सिलिंडरचे ५.९ लिटरचे कमिन्स इंजिन टाटांच्या ट्रकमध्ये येऊ लागले. या पिढीच्या इंजिनांत टॅपेटची फट पान्याने हाताने बसवावी लागते. फट आपोआप भरून काढणारे, तेलाच्या दाबावर चालणारे टॅपेट त्यांत नसतात. त्यामुळे ‘प्रेशर कमी म्हणून टॅपेट वाजतात’ हा अनेक पेट्रोल गाड्यांना लागू पडणारा हिशोब इथे सरळ लावता येत नाही.

ऑइल पंप दाब तयार करत नाही. तो तेल पुढे ढकलतो. चेंबरच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीच्या) तळाच्या जाळीतून ओढलेले तेल फिल्टरमधून मुख्य गॅलरीत (ब्लॉकमधल्या मोठ्या तेलवाटेत) जाते आणि तिथून क्रँकचे मेन बेरिंग, बिग एंड (कनेक्टिंग रॉडचे क्रँकवरचे बेरिंग), कॅमचे (झडपा हलवणाऱ्या दांड्याचे) बुश व रॉकर शाफ्टकडे (झडपा दाबणारे रॉकर धरणाऱ्या दांड्याकडे) वाटले जाते. या सगळ्या बारीक फटींतून तेल निसटताना जो अडथळा होतो, तोच गेजवर प्रेशर म्हणून दिसतो. बेरिंगमधून होणारी गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे फट दुप्पट झाली की गळती साधारण आठपट. बेरिंगची झीज वर्षानुवर्षे जाणवत नाही आणि मग एखाद्या हंगामात काटा झपाट्याने खाली येतो, तो यामुळे. कमिन्सच्या या इंजिनाला गरम असताना आयडलवर किमान ०.७ किलो आणि पूर्ण वेगावर किमान २.१ किलो प्रेशर लागते. किलो म्हणजे चौरस सेंटिमीटरला किलो.

घाट चढून आलेल्या गाडीवर हे सगळ्यात स्पष्ट कळते. कशेडी, कुंभार्ली, आंबा किंवा करूळ घाट भरल्या गाडीने दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर चढला की ऑइल तापून पातळ होते. वर टपरीपाशी गाडी उभी करून इंजिन आयडलवर आले, की त्या मिनिटाचा आकडा खरा. सकाळी थंड इंजिनावर तीन-चार किलो दाखवणारा काटा तिथे तळाला टेकत असेल, तर ड्रायव्हरने ते मालकाला त्याच दिवशी सांगावे. चढावर किंवा वळणावर तेवढाच ऑइल प्रेशरचा दिवा लुकलुकत असेल आणि सपाटीवर विझत असेल, तर आधी डिपस्टिक काढावी; तेलाची पातळी कमी असल्यास कलत्या चेंबरमध्ये जाळी उघडी पडून पंप हवा ओढतो.

पण गेजवर डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही, किनाऱ्यावर तर नाहीच. खाऱ्या हवेने आणि मासळीच्या क्रेटमधून गळणाऱ्या पाण्याने चॅसिसचे अर्थिंग आणि सेंडरचे (इंजिनावरच्या, प्रेशर ओळखणाऱ्या विजेच्या भागाचे) टर्मिनल खाल्ले जाते. वायर घासून बॉडीला टेकली तर प्रेशर असूनही दिवा पेटलेला राहतो. वायर गंजून तुटली तर दिवा कधीच पेटत नाही, आणि हे जास्त घातक. म्हणून चावी फिरवल्यावर, स्टार्टर मारण्याआधी, दिवा लागतो की नाही हे रोज बघावे. इंजिन खोलण्याचा विषय निघण्यापूर्वी सेंडर काढून त्या जागी नळीचा साधा यांत्रिक गेज लावावा आणि थंड, गरम, आयडल, रेस अशा सगळ्या अवस्थांत वाचन घ्यावे. गॅरेजमध्ये हा गेज असतो, तरी पुष्कळदा तो बाहेर काढला जात नाही. मालकाने आग्रह धरावा.

गेज खरे बोलत असेल, तर ऑइलकडे वळायचे. पातळी आपोआप वाढलेली असेल आणि डिपस्टिकला डिझेलचा वास असेल, तर फीड पंप किंवा मुख्य पंपाच्या सीलमधून डिझेल चेंबरमध्ये उतरते आहे. दुधाळ, चहासारखा रंग आला तर पाणी. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या महापुरासारख्या पाण्यात बुडालेल्या गाडीला आधी स्टार्टर मारू नये. ड्रेन बोल्ट सैल केला की तळाला बसलेले पाणी आधी बाहेर येते. नुसते तेल बदलून अशी गाडी चालवली, तर पाण्याने डागलेले बेरिंग काही महिन्यांनी प्रेशर उतरवूनच दाखवते. बंदर ते बर्फ कारखाना अशा जवळच्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही, पावसाळी दमटपणा तेलातच राहतो आणि काळा गाळ जाळीवर चढतो. चिरेखाणीच्या रस्त्यावर दगड लागून चेंबर आत चेपला असेल, तरी तेल ओढायची वाट अरुंद होते. दोन्हीचा इलाज चेंबर उतरवल्याशिवाय होत नाही.

चेंबर उतरवण्याआधी जुना फिल्टर कापावा. त्याचा घड्यांचा कागद सोडवून उन्हात पसरला की चमकणारे कण लगेच दिसतात. चुंबकाला चिकटले तर लोखंड: कॅम, टॅपेट, गिअर. चुंबकाला दाद न देणारे तांबूस किंवा चंदेरी पातळ पापुद्रे दिसले, तर बेरिंगच्या शेलवर (आतल्या अर्धगोल पट्टीवर) संशय घट्ट होतो. शेल काढल्यावर वरचा राखाडी थर जाऊन तांब्याचा रंग उघडा पडलेला असेल, तर आणखी पुराव्याची गरज नाही. क्रँकवर चरे नसतील आणि माप बरोबर असेल तर नुसते शेल बदलून भागते. नाहीतर क्रँक ग्राइंड करून त्या मापाचे जाड शेल बसवावे लागतात.

आवाजाचे निदान लयीवर चालते. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. त्यामुळे ६०० फेऱ्यांच्या आयडलवर एक टॅपेट सेकंदाला पाचदा वाजतो, हलका आणि वरच्या बाजूने; लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक रॉकर कव्हरवर व मूठ कानाला लावली की जागा सापडते. बिग एंडचा ठोका खोल, जड असतो आणि गाडीवर भार आला की वाढतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे पॅकिंग फुटले तरी हुबेहूब टॅपेटसारखी टिकटिक येते. तिथे काजळीचा काळा फराटा शोधावा. जुन्या लाइन पंपाच्या (प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या पाइपने डिझेल देणाऱ्या पंपाच्या) इंजिनावर मिस्त्री एकेका नोझल (डिझेल फवारणारा भाग) पाइपचा नट सैल करून तो सिलिंडर बंद पाडतात. टॅपेटचा आवाज तसाच राहतो, बिग एंडचा किंवा नोझलचा बदलतो. नोझल दुसऱ्या सिलिंडरवर लावल्यावर आवाज तिकडे गेला तर दोष नोझलचा. सुटणाऱ्या डिझेलपासून हात लांब ठेवून, कापड धरूनच हे करावे. कॉमन रेल (सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या नव्या) इंजिनावर हा प्रयोग कधीही करू नये, तिथला दाब कातडी फोडून आत शिरतो.

टॅपेट सेटिंग त्या त्या इंजिनाच्या मापानेच होते. वर सांगितलेल्या कमिन्सला थंड इंजिनावर इनलेटला ०.२५ आणि एक्झॉस्टला ०.५१ मिलिमीटर फट लागते, आणि फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) ओढताना हाताला हलकी पकड जाणवली पाहिजे. तोच टॅपेट पुन्हा पुन्हा सैल होत असेल, तर कॅमचा उंचवटा, पुश रॉड किंवा रॉकरचे टोक झिजले आहे. कव्हर काढून इंजिन क्षणभर आयडलवर चालवले, की प्रत्येक रॉकरवर तेल पाझरताना दिसायला हवे. खाली गेज चांगला आणि वर रॉकर कोरडे, असे असेल तर वर जाणारी तेलवाट गाळाने बुजली आहे.

दोन जुगाड सर्रास चालतात आणि दोन्ही टाळावेत. एक म्हणजे जाड ऑइल किंवा दाट करणारे डबे ओतणे. काटा वर येतो, पण फट तेवढीच राहते आणि सकाळी स्टार्टला टर्बो व रॉकरपर्यंत तेल उशिरा पोचते. दुसरा, रिलीफ व्हॉल्व्हच्या (जास्तीचा दाब सोडणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगखाली वॉशर टाकणे. आयडलवर हा व्हॉल्व्ह बंदच असतो, तेव्हा तिथले प्रेशर यामुळे वाढणे शक्य नाही. कचरा अडकून व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल, तर तो साफ करणे हाच उपाय, आणि तो स्वस्तही आहे.

पावसाळ्यात ताडपत्रीखाली उभी राहिलेली गाडी गणपतीनंतर बाहेर काढताना, किंवा शेल बदलून इंजिन जोडल्यावर, ते लगेच पेटवू नये. स्टॉप (डिझेल बंद करणारा खटका) ओढून धरावा, थोडा थोडा वेळ स्टार्टर मारत गेजचा काटा हलेपर्यंत थांबावे आणि मगच डिझेल सोडावे.