ड्रोनच्या मागचा काचेचा धागा

साताऱ्यातल्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतोय. रशिया-युक्रेन युद्धात म्हणे असा ड्रोन आलाय की तो कुणालाच अडवता येत नाही, कारण तो ‘गुप्त लहरीं’वर चालतो. खाली कुणीतरी नेहमीप्रमाणे ब्रह्मास्त्राची आठवण काढलेली असते आणि त्याखाली हात जोडलेल्यांची रांग. नरेंद्र दाभोलकर ज्या गावचे, त्या गावात हे चालतं याचं आता आश्चर्यही वाटेनासं झालंय. पण अपशिंगे मिलिटरीसारखी गावं याच जिल्ह्यात आहेत, घरटी माणूस फौजेत असल्याने इथे लढाईच्या बातम्या नीट वाचल्या जातात. म्हणून सांगायला हवं की खरा प्रकार बरोब्बर उलटा आहे. या ड्रोनला लहरी लागतच नाहीत. त्याच्यामागे धागा असतो, काचेचा.

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर मोठा हल्ला केला, तेव्हा चर्चा रणगाड्यांची होती. पुढे आघाडीवर राज्य आलं ते छोट्या, स्वस्त ड्रोनचं. ड्रोनवर कॅमेरा, चालकाच्या डोळ्यांवर चष्मा, मधे रेडिओ. हा रेडिओचा दुवा तोडणं हीच मग दोन्ही बाजूंची मोठी कामगिरी ठरली. तोडणं फार अवघड नसतं, आणि त्याचं कारण शाळेतल्या व्यस्त वर्गाच्या नियमात आहे: लहरीची ताकद अंतराच्या वर्गाने घटते. चालक ड्रोनपासून १० किलोमीटरवर आहे आणि त्याच लहरींवर गोंगाट करणारं यंत्र, म्हणजे जॅमर, अर्ध्या किलोमीटरवर. अंतरात २० पटींचा फरक, म्हणजे दोघांची ताकद सारखी असली तरी ड्रोनच्या अँटेनापाशी जॅमरचा गोंगाट चालकाच्या हुकुमापेक्षा ४०० पट मोठा. लक्ष्य जितकं जवळ, तितकी ही विषमता वाढते. शिवाय ड्रोन खाली उतरला की टेकडी, झाडं, घरं मधे येतात. डोंगराआड रेंज जाते हे सातारकरांना कुणी सांगायला नको.

२०२४ मध्ये रशियाच्या बाजूने ऑप्टिकल फायबरवर, म्हणजे या काचेच्या धाग्यावर, चालणारे ड्रोन दिसू लागले, मग युक्रेननेही ते बनवले. यात चित्र आणि हुकूम रेडिओऐवजी धाग्यातून प्रकाशाच्या रूपात जातात. २०२५ च्या सुरुवातीला रशियाच्या कुर्स्क प्रांतात, युक्रेनच्या ताब्यातल्या सुजा गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर युक्रेनच्या रसद वाहणाऱ्या गाड्या या ड्रोननी टिपल्या. जॅमर चालू होते, पण जॅम करायला हवेत काही नव्हतंच.

पहिली शंका सगळ्यांची एकच: एवढा लांब धागा ओढत नेताना तो तुटत नाही का? ओढत नेतच नाहीत. विट्याच्या यंत्रमागावर धोटा धावताना पाहिलाय ना? कांडी त्याच्या पोटातच असते. धोटा पुढे जातो आणि सूत मागे जागच्या जागी पडत राहतं. इथेही गुंडाळी ड्रोनच्या पोटाला असते. उलगडलेला धागा पिकावर, झुडपांवर निश्चल पडतो, त्यामुळे ताण फक्त गुंडाळीपासून सुटणाऱ्या टोकाला आणि तोही मामुली. वजनाचा हिशेब घरी करता येतो. काचेचा व्यास १२५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), वरच्या प्लॅस्टिकच्या लेपासह २५०. काचेची घनता २.२ धरली तर एका किलोमीटरला काच भरते २७ ग्रॅम, लेप साधारण ४०. म्हणजे १० किलोमीटरला पाऊण किलोच्या आत. एवढं ओझं ड्रोन उचलतो, मात्र तितका स्फोटकांचा भार त्याला कमी करावा लागतो.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे. प्रकाश त्या केसाएवढ्या काचेत राहतो कसा? दहावीच्या पुस्तकाचं उत्तर आहे पूर्ण आंतरिक परावर्तन. मधला गाभा आणि भोवतालचं आवरण दोन्ही काचच, फक्त गाभ्याचा अपवर्तनांक किंचित जास्त, जेमतेम एक तृतीयांश टक्क्याने. एवढ्याशा फरकामुळे क्रांतिक कोन, म्हणजे ज्याच्यापुढे किरण बाहेर न पडता पूर्ण परततो तो कोन, ८५ अंशांच्या आसपास जातो, म्हणजे धाग्याला जवळजवळ समांतर निघालेला किरणच आत टिकतो.

पण हे उत्तर अर्धंच आहे. गाभ्याचा व्यास सुमारे ९ मायक्रॉन आणि वापरल्या जाणाऱ्या अवरक्त प्रकाशाची तरंगलांबी १.५५ मायक्रॉन. इतक्या अरुंद जागेत ‘किरण भिंतींवर आपटत जातो’ हे चित्र चालत नाही. तिथे विद्युतचुंबकीय क्षेत्राची ठरावीक आकृतीच मावते, तिला मोड म्हणतात. गाभ्याची त्रिज्या, तरंगलांबी आणि दोन काचांमधला फरक यांतून एक संख्या निघते; ती २.४०५ पेक्षा कमी असेल तर एकच मोड जगतो. या धाग्यांत ती दोनच्या आसपास असते. आणि गंमत म्हणजे हा मोड गाभ्यात पूर्ण मावत नाही, त्याची किनार आवरणात पसरलेली असते. प्रकाश वाहतो तो थोडा भिंतीच्या आतून.

सरळ धाग्यात याने काही बिघडत नाही. वळणावर बिघडतं. मोड एकसंध आकृती म्हणून पुढे सरकतो, तेव्हा वळणाच्या बाहेरच्या अंगाच्या किनारीला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणजे जास्त वेगाने जावं लागतं. एका मर्यादेपलीकडे तिला आवरणाच्या काचेतल्या प्रकाशवेगापेक्षाही जलद पळावं लागेल. ते अशक्य. मग तेवढा भाग सोबत सोडतो आणि बाहेर निसटतो. वळण जितकं आवळ, तितकी गळती जास्त. म्हणून साध्या धाग्याला ३० मिलिमीटर त्रिज्येच्या आत वाकवू नये असं मानतात. आवरणाची रचना बदललेल्या जातीला साडेसात मिलिमीटरपर्यंत चालतं, आणि ड्रोनच्या गुंडाळीत हीच जात लागते. रस्ता खणताना जेसीबीने ‘फायबर तोडलं’ की इंटरनेट जातं, हे आपल्याला माहीत असतं. पण न तुटता नुसतं दुमडलं तरी जातं.

बाकी गळती किती? १.५५ मायक्रॉनला किलोमीटरमागे ०.२ डेसिबल. २० किलोमीटरनंतरही ४० टक्के प्रकाश शिल्लक. हीच तरंगलांबी का, तर काचेतल्या सूक्ष्म विषमतेमुळे होणारं विकिरण, तरंगलांबी वाढली की, तिच्या चौथ्या घाताने घटतं आणि आणखी पुढे गेलं की काच स्वतःच प्रकाश शोषू लागते; दोन्ही तोटे कमीत कमी असतात ती ही जागा. एकाच धाग्यातून ड्रोनचं चित्र एका तरंगलांबीवर येतं, चालकाचा हुकूम दुसरीवर जातो. २० किलोमीटरला वेळ लागतो सेकंदाचा दहा हजारावा भाग.

हे साधायला वेळ लागला. पंजाबातल्या मोग्यात जन्मलेल्या नरिंदर सिंग कपानींनी १९५४ मध्ये हॅरल्ड हॉपकिन्सबरोबर काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवून दाखवलं, पण तेव्हाच्या काचेत प्रकाश काही मीटरांतच विरायचा. दोष काचेचा नसून तिच्यातल्या अशुद्धींचा आहे, हे चार्ल्स काओंनी १९६६ मध्ये मांडलं. १९७० मध्ये कॉर्निंग कंपनीने तसा धागा काढून दाखवला. काओंना नोबेल मिळालं ते २००९ मध्ये. ज्या काचेसाठी हा खटाटोप झाला, तीच भारतनेटमधून आपल्या ग्रामपंचायतींपर्यंत आली आहे.

‘अडवता न येणारा’ हे मात्र साफ खोटं. फांदीला वेढा बसला, मागून गाडीचं चाक गेलं, गुंडाळी अडकली की ड्रोन आंधळा होतो. पडलेला धागा उन्हात चमकतो आणि मागोवा घेत गेलं तर चालकाचा ठावठिकाणा सापडू शकतो. युक्रेनमध्ये कित्येक किलोमीटर रस्त्यांवर जाळ्यांचे मांडव घातले आहेत, त्यांत युरोपातल्या मच्छीमारांची जुनी जाळीही आहेत. बंदुकीचे छर्रेही चालतात.

फवारणीच्या ड्रोनला असा धागा जोडता येईल का, असं तासगावकडच्या एका द्राक्षबागायतदाराने विचारलं. नाही. तो ड्रोन ओळीमागून ओळ फिरून परत येतो. दुसऱ्याच फेरीत धागा पंख्यात जाईल. फायबरचा ड्रोन परत यायचा नसतो, म्हणूनच त्याचं जमतं.