'लई अभ्यास केला, म्हणून…'

सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या गल्लीत एक मावशी राहतात. दिवसभर विड्या वळतात. त्यांचा मुलगा बारावीपर्यंत वर्गात पहिला. विसाव्या वर्षी भिंतीशी बोलायला लागला. अंगारे झाले, बाहेरचं बघून झालं, शेवटी सिव्हिलच्या गोळ्या सुरू झाल्या आणि तो बराच सावरला. मावशींचं निदान मात्र ठाम आहे : "लई अभ्यास केला पोरानं, डोक्यावर गेला."

गेओर्ग कँटरबद्दलही लोक हेच म्हणायचे. अनंतातही लहान-मोठं असतं, हे सिद्ध करणारा हा गणिती. १८८४ साली त्याला नैराश्याचा पहिला मोठा झटका आला, मग ते येतच राहिले. १९१८ साली जर्मनीतल्या हाले इथे मनोरुग्णालयातच तो वारला. अनंताचा विचार करून करून वेडा झाला, ही दंतकथा तेव्हापासूनची. पण त्याचा सर्वांत देखणा युक्तिवाद १८९१चा आहे, पहिल्या झटक्यानंतर सात वर्षांनी, डोकं थाऱ्यावर असतानाचा. त्याची लक्षणं पाहून आज बहुतेक जण बायपोलर आजाराचं (कधी टोकाचं नैराश्य, कधी टोकाचा उत्साह) नाव घेतात.

मग पोर अभ्यासाला बसतं तेव्हाच का बिघडतं? कारण वय. स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास होणारा, भलतंच खरं वाटायला लावणारा मनाचा आजार, मुलांमध्ये बहुधा सतरा-अठरा ते पंचविशीच्या आसपास डोकं वर काढतो, मुलींमध्ये थोडा उशिरा. परीक्षांचं वयही तेच. शिवाय लक्ष न लागणं, झोप उडणं, माणसं टाळणं ही लक्षणं भास सुरू होण्याच्या कितीतरी आधी दिसतात. घरच्यांना वाटतं, अभ्यासाचा ताण आहे. मुळात कल असेल तर ताणानं, जागरणानं आजार उफाळू शकतो. पण गणितं सोडवून तो जडत नाही.

उलटी समजूतही तितकीच चिवट : वेडाशिवाय प्रतिभा नाही. चित्रकार व्हॅन गॉगचं उदाहरण हमखास येतं. फ्रान्समधल्या सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात वर्षभरात त्यानं दीडशेच्या आसपास चित्रं काढली, हे खरं. पण झटका आला की आठवडेच्या आठवडे हातात कुंचला नसायचा. चित्रं झाली ती मधल्या उसंतीत. स्वीडनमधल्या सुमारे तीन लाख रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. कलेच्या आणि संशोधनाच्या व्यवसायांत बायपोलर रुग्ण जास्त आढळले, पण स्किझोफ्रेनियाचे नाहीत. त्यांची निरोगी भावंडं मात्र जास्त होती! मला यातलं हेच सगळ्यात विचार करायला लावणारं वाटतं.

अमेरिकन गणिती जॉन नॅशला ज्या कामासाठी पुढे नोबेल मिळालं, ते त्यानं १९५० साली अवघ्या अठ्ठावीस पानांच्या प्रबंधात केलं, स्किझोफ्रेनिया १९५९चा. मिळवलं ते आजारामुळे नव्हे, आजाराआधी. आपल्याकडे बिहारचे वशिष्ठ नारायण सिंह यांनी १९६९ साली अमेरिकेत बर्कले विद्यापीठातून गणितात डॉक्टरेट मिळवली, काही वर्षांनी ते भारतात परतले, पुढे स्किझोफ्रेनियानं घेरले गेले, मध्ये काही वर्षं बेपत्ताच होते. २०१९मध्ये ते गेले, पद्मश्री जाहीर झाली ती त्यानंतर.

नॅशची गोष्ट मी मावशींना सांगितली. बायकोनं १९६३ साली घटस्फोट घेतला, तरी १९७० साली त्याला पुन्हा घरात ठेवून घेतलं. १९९४ साली नोबेल. २००१ साली दोघांनी परत लग्न केलं. मावशींना नोबेलचं काही पडलेलं नव्हतं. पान दुमडता दुमडता त्यांनी एवढंच विचारलं, "मग जेवायचा का वो तो वेळेवर?"