पहिल्या फळांसोबत उच्चारलेली वाक्ये

प्राचीन काळचा शेतकरी देवापुढे पीक ठेवायचा ते पुढच्या पावसाची लाच म्हणून, अशी समजूत सर्रास आढळते. प्राचीन इस्राएलमधील प्रथमफळांचा विधी, म्हणजे हंगामातील पहिली फळे यरुशलेमच्या मंदिरात सर्वांसमक्ष अर्पण करण्याची प्रथा, या समजुतीत बसत नाही. बायबलमधील ‘अनुवाद’ ग्रंथाच्या 26व्या अध्यायात शेतकऱ्याने टोपली अर्पण करताना काय म्हणायचे ते शब्दशः दिले आहे: आपला पूर्वज भटका अरामी होता, तो मिसर (इजिप्त) देशात गेला, मिसरी लोकांनी आम्हाला छळले, परमेश्वराने आम्हाला सोडवून ही भूमी दिली आणि तिची पहिली फळे मी आणली आहेत. या निवेदनात एकही मागणी नाही. त्या प्रदेशातला पाऊस भूमध्य समुद्रावरून येणाऱ्या हिवाळी वादळांचा असतो आणि कोणत्याही अर्पणाने त्यांची वाट बदलत नाही. त्यामुळे विधीचा परिणाम जमलेल्या माणसांमध्येच शोधावा लागतो.

येथे गेम थिअरीतील, म्हणजे परस्परांवर अवलंबून असलेल्या निर्णयांच्या गणिती अभ्यासातील, ‘समाईक ज्ञान’ ही संकल्पना विलक्षण उपयोगी पडते. एखादी गोष्ट प्रत्येकाला ठाऊक असणे वेगळे आणि ती सर्वांना ठाऊक आहे हेही प्रत्येकाला ठाऊक असणे, त्याचीही प्रत्येकाला जाणीव असणे, ही न संपणारी साखळी वेगळी. रॉबर्ट ऑमन यांनी 1976 साली या कल्पनेला काटेकोर गणिती रूप दिले. त्यांच्या मांडणीत प्रत्येक व्यक्तीची माहिती म्हणजे शक्य अवस्थांच्या संचाचे एक विभाजन असते: ज्या अवस्थांमधला फरक तिला कळत नाही, त्या एकाच भागात येतात. या सर्व विभाजनांहून स्थूल (म्हणजे कमी भेद करणाऱ्या) विभाजनांपैकी सर्वांत सूक्ष्म विभाजनाच्या ज्या भागात वास्तव अवस्था येते, तो भाग ज्या घटनेत पूर्ण सामावतो ती घटना समाईक ज्ञान ठरते. सर्वांसमक्ष मोठ्याने उच्चारलेले वाक्य ही साखळी एका क्षणात पूर्ण करते, कारण ऐकणारा प्रत्येकजण इतरांनाही ऐकताना पाहत असतो. निरनिराळ्या गावांतून आलेली, एरवी परस्परांना अनोळखी असलेली माणसे एकच पूर्वज आणि एकच इतिहास प्रथमपुरुषात सांगत, तेव्हा ‘आपण एक आहोत’ हे खाजगी मत राहत नसे.

मात्र हीच यंत्रणा उलटही चालते. सुमारे इ.स. 200 मध्ये संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथात नोंद आहे की पूर्वी ज्याला मजकूर म्हणता येई तो स्वतः म्हणे आणि ज्याला येत नसे त्याच्याकडून तो एकेक शब्द सांगून म्हणवून घेतला जाई. परिणामी न येणारे लोक फळे आणेनासे झाले. शेजाऱ्यांना त्यांचे अज्ञान आधीपासून ठाऊक असेलही, पण चारचौघांत ते उघड होणे असह्य होते. म्हणून येणाऱ्यांना आणि न येणाऱ्यांना सारखाच मजकूर सांगायचा, असा नियम करण्यात आला. मला ही दुरुस्ती अत्यंत शहाणपणाची वाटते, कारण तिने निवेदन कायम ठेवून केवळ अपमान काढून टाकला.

त्याच अध्यायातील दुसऱ्या निवेदनाची गत वेगळी झाली. तिसऱ्या वर्षी शेतकऱ्याने ‘दशमांश (पिकाचा दहावा भाग) मी लेवी (मंदिरसेवा करणाऱ्या वंशातील लोक), परका, अनाथ आणि विधवा यांना दिला आहे’ असे जाहीर करायचे होते. ते महायाजक योहानान याने बंद केले. मिश्नावरील चर्चांचा ग्रंथ असलेल्या तालमूदच्या स्पष्टीकरणानुसार दशमांश विहित रीतीने लेवींना दिला जात नव्हता, त्यामुळे ते निवेदन खोटे ठरले असते.

इ.स. 70 मध्ये यरुशलेमचे मंदिर पाडले गेले आणि प्रथमफळांचा विधी थांबला, तरी त्यातील शब्द वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरमधील सुटकेच्या स्मरणार्थ पाळल्या जाणाऱ्या ज्यू सणाच्या, रात्री घरोघरी वाचल्या जाणाऱ्या हगादा या पोथीत टिकून राहिले. महाराष्ट्रातील बेने इस्राएल या ज्यू समाजासाठी 1874 साली पुण्यात मराठी भाषांतरासह हगादा छापली गेली. हगादातील या उताऱ्यात भटक्या अरामीपासून मिसरमधील सुटकेपर्यंतच्या ओळी येतात. भूमी आणि फळे यांविषयीची पुढची वाक्ये त्यात घेतलेली नाहीत.