जाहिरात खात्यांवरचे दरोडे : पासवर्डपासून कुकीपर्यंत

गूगलने ऑक्टोबर २००० मध्ये ॲडवर्ड्स (आजचे गूगल ॲड्स) ही जाहिरातींची सेवा सुरू केली तेव्हा त्यावर ३५० जाहिरातदार होते. कार्डाचा नंबर टाका, चार ओळी लिहा, थोड्याच वेळात जाहिरात सुरू. मध्ये ना एजंट, ना वर्तमानपत्राचा जाहिरात विभाग. नोव्हेंबर २००७ मध्ये फेसबुकनेही जाहिरातींची स्वतःची यंत्रणा आणली. छोट्या धंद्यांसाठी ही फार मोठी सोय होती. आज आपल्याकडे साडीचे दुकान, क्लासेस, होमस्टे, मसाल्यांचा घरगुती उद्योग असे कितीतरी धंदे याच खात्यांच्या जोरावर गिऱ्हाईक मिळवतात.

चोरांचे लक्ष या खात्यांकडे का वळले, याचे उत्तर बिलाच्या पद्धतीत आहे. बऱ्याच खात्यांत जाहिरात आधी चालते आणि पैसे नंतर कापले जातात. ठरावीक खर्च झाला की कार्डावरून वसुली होते, आणि तुम्ही वेळेवर भरत गेलात की ती मर्यादा वाढत जाते. नव्या खात्यावर कंपनीची नजर कडक असते, जुन्या खात्यावर तिचा विश्वास बसलेला असतो. बनावट औषधे किंवा खोट्या गुंतवणूक योजना विकणाऱ्याला स्वतःच्या नावाने जाहिरात करता येत नाही. त्याला दुसऱ्याचे पैसे हवे असतात, आणि त्याहून जास्त दुसऱ्याचे चांगले नाव हवे असते. वर्षानुवर्षे इमानाने चालवलेल्या खात्यात त्याला दोन्ही मिळते.

सुरुवातीच्या चोऱ्या सरळ होत्या : ‘तुमचे खाते बंद होणार आहे’ असा मेल, खाली लिंक, आणि खोट्या पानावर पासवर्ड. त्यावर उपाय म्हणून २०११ मध्ये गूगलने सर्वांसाठी द्विस्तरीय पडताळणी खुली केली. पासवर्डच्या जोडीला फोनवरचा कोड आला. बहुतेकांना वाटले, प्रश्न मिटला.

तो मिटला नाही, कारण चोरांनी कुलपाचा नाद सोडून कुलूप उघडल्यानंतरची अवस्था गाठली. १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू मोंटुली यांनी ब्राउझरसाठी कुकी तयार केली. तुम्ही एकदा लॉगिन केलेत की साइट तुमच्या ब्राउझरमध्ये एक खूण ठेवते आणि पुढच्या प्रत्येक क्लिकला तीच तपासते. देवस्थानच्या दर्शनबारीत आधार कार्ड पहिल्या फाटकावर बघतात आणि पुढे फक्त पास बघतात, तसेच हे. पास दुसऱ्याच्या हाती गेला तर पुढच्या फाटकावर आधार कार्ड कोणी मागत नाही. कुकी चोरली की पासवर्डही नको आणि ओटीपीही नको.

हे किती पद्धतशीर होऊ शकते ते ‘सायलेंटफेड’ने दाखवले. २०१८ च्या अखेरीस फेसबुकच्या नजरेस आलेले हे मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, पायरेटेड सॉफ्टवेअरसोबत संगणकात शिरायचे. ब्राउझरमधले पासवर्ड आणि कुकी उचलायचे, आणि त्या खात्याला पैसे भरण्याचे साधन जोडलेले आहे का हे तपासायचे. या प्रकरणातला सर्वांत घातक भाग त्याच्या पुढचा आहे. मालवेअर आधी खातेदाराच्या सूचना बंद करायचे. लॉगिनचा इशारा देणारे आणि धंद्याच्या खात्यांना संदेश पाठवणारे अशी फेसबुकची स्वतःची दोन पानेच ते ब्लॉक करायचे, आणि फेसबुकच्या प्रणालीतल्या एका चुकीचा फायदा घेऊन ती पुन्हा अनब्लॉक होऊ नयेत अशी व्यवस्था करायचे. मग त्या खात्यावरून वजन घटवायच्या गोळ्या, नकली पर्स आणि प्रसिद्ध व्यक्तींचे फोटो लावलेल्या फसव्या जाहिराती चालायच्या. जाहिरात तपासणाऱ्याला एक पान दिसायचे आणि गिऱ्हाइकाला दुसरे. इकडे मालकाच्या फोनवर एकही सूचना नाही.

फेसबुकने पीडितांना ४० लाख डॉलरहून अधिक रक्कम परत केली, आणि डिसेंबर २०१९ मध्ये हाँगकाँगची एक कंपनी व दोन व्यक्तींवर कॅलिफोर्नियात दावा ठोकला. फेसबुकच्याच संचित कर्वे आणि जेनिफर उर्गिलेझ यांनी २०२० च्या व्हायरस बुलेटिन या सायबर सुरक्षेच्या परिषदेत या मालवेअरची रचना जाहीरपणे मांडली. माझ्या मते या विषयातला तो सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज आहे, कारण त्यानंतर ‘खातेदार निष्काळजी होता’ एवढेच म्हणून कोणाला हात झटकता येत नाहीत.

पुढची पायरी जाहिरात एजन्सींची. एका एजन्सीच्या माणसाकडे अनेक गिऱ्हाइकांची खाती असतात. तो सापडला की सगळीच सापडली. जून २०२१ मध्ये फेसबुकने व्हिएतनाममधल्या चौघांवर दावा केला. त्यांनी गूगल प्ले स्टोअरवर ‘ॲड्स मॅनेजर फॉर फेसबुक’ या नावाचे खोटे ॲप टाकून एजन्सींच्या कर्मचाऱ्यांची खाती ताब्यात घेतली आणि ३ कोटी ६० लाख डॉलरहून अधिक किमतीच्या अनधिकृत जाहिराती चालवल्या, असा आरोप होता.

जुलै २०२२ मध्ये विथसिक्युअर या फिनिश सायबर सुरक्षा कंपनीने ‘डकटेल’ ही चोरांची मोहीम उघड केली. त्यातही धागा व्हिएतनामकडेच गेला. ही मंडळी लिंक्डइनवर डिजिटल मार्केटिंग करणारी किंवा कंपनीच्या बिझनेस खात्यापर्यंत पोहोच असणारी माणसे हेरायची. मग एखाद्या ब्रँडच्या नव्या प्रकल्पाची माहिती म्हणून झिप फाइल यायची. आत उत्पादनांचे खरेखुरे फोटो, आणि त्यांच्यात बसवलेली, कागदपत्रासारखी दिसणारी एक एक्झी फाइल, म्हणजे उघडताच चालू होणारा प्रोग्रॅम. नवे काम मिळवायच्या घाईत असलेला माणूस ती उघडणारच, त्यात त्याचा दोष तो काय! फाइल उघडली की कुकी जायच्या आणि बिझनेस मॅनेजर या फेसबुकच्या धंद्याची खाती सांभाळायच्या साधनात चोराचा ईमेल ॲडमिन म्हणून जोडला जायचा. २०२३ मध्ये फेसबुकची मालक कंपनी मेटाने ‘नोडस्टीलर’ या अशाच मालवेअरची माहिती दिली. त्याच सुमारास चॅटजीपीटीच्या नावाची खोटी क्रोम एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) फेसबुकच्या कुकी पळवताना सापडली. नाव नवे, मार्ग तोच.

गूगलकडची गोष्ट जानेवारी २०२५ ची. गूगलवर ‘गूगल ॲड्स’ असे शोधले की सर्वांत वर प्रायोजित जाहिरात यायची, आणि ती चोरांची असायची, हे मालवेअरबाइट्स या सायबर सुरक्षा कंपनीने दाखवून दिले. जाहिरातीत दिसणारा पत्ता आणि प्रत्यक्ष पानाचा पत्ता एकाच डोमेनचा हवा, असा नियम आहे. चोरांनी पहिले पान गूगल साइट्स या गूगलच्याच वेबसाइट बनवायच्या सेवेवर बनवले, म्हणजे डोमेन गूगलचेच, आणि तिथून पुढे खोट्या लॉगिनकडे नेले. जाहिरातदारांना लुटायला दुसऱ्या जाहिरातदारांची चोरलेली खातीच वापरली जात होती.

आता बचावाची दिशाही बदलते आहे. पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी उपकरणात ठेवलेली डिजिटल किल्ली, मूळ साइटच्या पत्त्याशी बांधलेली असते, त्यामुळे खोट्या पानावर ती चालत नाही. जुलै २०२४ पासून विंडोजवरचे क्रोम कुकी अशा रीतीने कूटबद्ध करते की इतर प्रोग्रॅमना त्या वाचणे अवघड जावे. कुकी त्या एकाच संगणकाशी बांधून टाकायचे कामही गूगलने २०२४ मध्ये जाहीर केले.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या दोन नियमांचा संबंध इथे येतो. ऑक्टोबर २०२० पासून नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळातच बंद असतात, आणि ऑक्टोबर २०२१ पासून ठरावीक रकमेवरच्या आपोआप होणाऱ्या वसुलीला दर वेळी ओटीपी लागतो. ती मर्यादा आधी ५,००० रुपये होती, जून २०२२ मध्ये १५,००० झाली. आधी पैसे भरून जाहिरात चालवणाऱ्याचे नुकसान तर भरलेल्या रकमेपुरतेच राहते. छोट्या दुकानदाराने हीच पद्धत धरावी, असे मी आग्रहाने सांगेन.

खाते हातचे गेलेच, तर पासवर्ड बदलून भागत नाही. डकटेलने घुसवलेला ॲडमिन स्वतःच्या खात्यातून आत येत असतो, आणि बाधित संगणकावरून बदललेला नवा पासवर्डही चोरालाच मिळतो. म्हणून दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून आधी सगळीकडून लॉगआउट करावे, अनोळखी ॲडमिन काढावेत, जाहिराती थांबवाव्यात, आणि मग पासवर्ड बदलावा. बँकेला फोन करून कार्ड बंद करणे आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणे, ही दोन कामे तेवढ्या वेळात घरातल्या दुसऱ्या कोणी उरकावीत.