ठसा नसलेली छाप : ताकिगुची शुझो यांच्या डिकॅल्कोमॅनीची पार्श्वभूमी

डिकॅल्कोमॅनी हा फ्रेंच शब्द मुळात चिनी मातीच्या भांड्यांवर कागदावरची नक्षी उतरवण्याच्या अठराव्या शतकातील पद्धतीचा आहे, आणि जपानी कवी व समीक्षक ताकिगुची शुझो यांच्या चित्रांविषयीचा गोंधळ बराचसा या शब्दापासूनच सुरू होतो. भांड्यावर उतरणारी नक्षी आधीच तयार असते. १९३६च्या सुमारास पॅरिसमधील अतिवास्तववाद्यांनी, म्हणजे तर्कापेक्षा स्वप्न आणि अबोध मनाला महत्त्व देणाऱ्या कलावंतांनी, आपल्यातील एका स्पॅनिश चित्रकाराच्या प्रयोगांना हेच नाव दिले, तेव्हा आधी तयार असे काहीच त्यात उरले नव्हते. कागदावर काळा जलरंग जाडसर फासायचा, त्यावर दुसरा कागद हलक्या हाताने दाबायचा आणि तो सावकाश सोलून काढायचा. ओला रंग दोन्ही कागदांना धरून ताणला जातो, मध्ये हवा शिरते, आणि शेवाळ, खडक, पानांच्या शिरा यांसारखे आकार उमटतात. आपल्या शाळांतल्या ठसेकामात निदान भेंडीचा काप तरी हातात असतो आणि तो पुन्हा उमटवता येतो. येथे ठसाच नाही, त्यामुळे दुसरी प्रतही नाही. म्हणूनच या कामांना मुद्राचित्रे, म्हणजे ठशावरून छापलेली चित्रे, म्हणणे मला अयोग्य वाटते.

१९३०मध्ये अतिवास्तववादी चित्रकलेवरील मूलभूत फ्रेंच ग्रंथ जपानीत आणणाऱ्या आणि १९३७च्या तोक्योतील परदेशी अतिवास्तववादी कलाकृतींच्या प्रदर्शनाच्या आयोजनात भाग घेणाऱ्या ताकिगुचींना १९४१मध्ये विचारांवर पाळत ठेवणाऱ्या पोलिसांनी अटक केली, आणि सुमारे आठ महिने ते कोठडीत होते. युद्धानंतर ते तरुण कलावंतांचे आधार झाले. १९५८च्या युरोप प्रवासानंतर मात्र त्यांनी नियमित समीक्षा हळूहळू बाजूला ठेवली आणि वयाच्या पन्नाशीनंतर स्वतः कागद, शाई व रंग हाती घेतले. १९६२मध्ये डिकॅल्कोमॅनीच्या १०० कामांचे त्यांचे प्रदर्शन भरले.

याला समीक्षकाचा उतारवयातील छंद मानणारे आजही आहेत. हे मत मला मान्य नाही, कारण शब्दांना आधी ठरवलेल्या अर्थातून सोडवण्याचा जो खटाटोप त्यांनी तरुणपणी कवितेत केला होता, तोच येथे रंगाच्या बाबतीत पुढे चालू राहिलेला दिसतो. १९६७मध्ये त्या जुन्या कविता एकत्र छापल्या गेल्या, तेव्हा ग्रंथाच्या नावात ‘कविता’ नव्हे, ‘काव्यप्रयोग’ हा शब्द आला, आणि पुढे १९२७–१९३७ ही वर्षे.